हूड कनालवरचं हँडओव्हर

आमच्याकडे आज्या शिफ्टने येतात. सहा महिने माझी आई, सहा महिने सासूबाई. बॉथेलमधल्या आमच्या कॉम्प्लेक्समध्ये निम्म्या घरांत हेच चालतं. एका आजीला एअरपोर्टवर सोडायचं, दुसरीला घेऊन यायचं. डेकेअरची वेटिंग लिस्ट कधी हलेल ते देवाला ठाऊक आणि नोकरी तर दोघांची. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या माणसाला इथे राहायला सहा महिने मिळतात, त्या सहा-सहा महिन्यांवर आमची पोरं वाढतात. हे कोणी बोलून दाखवत नाही. फोनवर सगळे म्हणतात, आई अमेरिका बघायला आलीय.

मग अमेरिका दाखवावी लागते.

त्या वर्षी ऑगस्टच्या शेवटी माझ्या आईची शिफ्ट संपत होती. तिचं विमान रविवारी संध्याकाळी. सासूबाई नागपूरहून बुधवारी येऊन पोचल्या. म्हणजे चार-पाच दिवस दोघी एका घरात. माझा नवरा या दिवसांना हँडओव्हर म्हणायचा. ऑफिसात नव्या माणसाला काम समजावून सांगतात तसं माझी आई त्याच्या आईला पोरीचं सगळं समजावून सांगेल, अशी त्याची कल्पना. पोरगी दीड वर्षाची. नुकती धावायला लागलेली, हाताला न लागणारी.

कसलं हँडओव्हर आणि कसलं काय. गुरुवारी सकाळी आईने वरणभात कालवून ठेवला तर सासूबाईंनी तो बाजूला सारून मुगाची खिचडी लावली. आईने पोरीच्या केसांना खोबरेल लावलं, सासूबाई म्हणाल्या, थंडीच्या देशात हे काऊन? आई पुण्याची. ती भांडत नाही, ती फक्त "असू दे" म्हणते, आणि ते ऐकून समोरच्याच्या अंगाचा तिळपापड होतो. दुपारपर्यंत दोघी एकमेकींशी माझ्यामार्फत बोलायला लागल्या. "तुझ्या सासूबाईंना विचार, चहा घेणार का." सासूबाई तीन फुटांवर बसलेल्या.

यावर नवऱ्याने काढलेला उपाय म्हणजे ट्रिप. एक रात्र, दोन खोल्यांचं केबिन, हूड कनालच्या काठचं एक गाव. निसर्गात गेलं की माणसं निवळतात म्हणे. मी म्हटलं, तू आणि तुझा निसर्ग दोघंच जा. पण बुकिंग कॅन्सल होत नव्हतं.

शुक्रवारी निघालो. एडमंड्सला गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीच्या रांगेत गाडी लावल्यापासून याची कॉमेंटरी सुरू. हूड कनाल नावाला कनाल आहे, खरं तर तो फियोर्ड आहे. हजारो वर्षांपूर्वी हिमनदीने डोंगर कोरला आणि त्यात समुद्र शिरला. आई मान डोलावून ऐकत होती. ती ओळखीच्या वीस बायकांना हे जाऊन सांगणार होती. सासूबाई मागच्या सीटवर डावीकडच्या खिडकीशी बसल्या होत्या, मांडीवर रुमाल, नजर रुमालावर. फेरीवर सगळे डेकवर आलो. समोर ऑलिंपिक नावाचे डोंगर, त्यांच्या माथ्यावर उरलासुरला बर्फ, पाणी इतकं निळं की मी क्षणभर राग विसरले. नवरा म्हणाला, आई बघ. त्या म्हणाल्या, छान आहे. त्यांचं तोंड गाड्या उभ्या होत्या त्या बाजूला होतं.

माझं पित्त खवळलं. पुढे तरंगता पूल आला, मग डोंगराच्या पायाला चिकटून जाणारा एकशेएक नंबरचा रस्ता. एका बाजूला देवदारांची भिंत, दुसऱ्या बाजूला ते लांबलचक शांत पाणी. आई गाडी थांबवायला लावून फोटो काढत होती. सासूबाईंचं प्रत्येक ठिकाणी एकच, छान आहे. झाडालाही छान आणि पेट्रोल पंपालाही छान. मला वाटलं, बाई मुद्दाम करतायत. सुनेने काही कौतुकाने दाखवलं की त्याची किंमत शून्य करायची, हे मी लग्नापासून ओळखून होते. निदान तेव्हा मला तसं वाटत होतं.

गाव म्हणजे काय, एक जनरल स्टोअर, एक पोस्ट, होड्यांचा धक्का आणि ऑयस्टर, म्हणजे कालवं, विकणारी एक टपरी. बाकी डोंगर आणि पाणी. देखणं होतं, खोटं कशाला बोलू. संध्याकाळपर्यंत सूर्य डोंगरामागे गेला आणि सगळी खाडी तांब्याच्या रंगाची झाली. तेव्हा आम्ही केबिनच्या ओट्यापाशी उभं राहून कोणाचा कुकर लावायचा यावरून तोंडं फुगवली होती. दोघींनी आपापला आणला होता.

त्याच्या आधी दुपारी धबधबा झाला. रस्त्यापासून पाच मिनिटांची पायवाट, लहान पोरंही चढत होती. सासूबाई दगडांपाशी आल्या, थांबल्या आणि म्हणाल्या, तुम्ही जा, मी गाडीत बसते. नवरा लगेच, बस बस आई, आराम कर. मी दात-ओठ खात वर गेले. आठ हजार मैलांवरून यायचं आणि गाडीत बसायचं? धबधबा केवढा उंच होता, आई त्याच्या तुषारांत पोरीला धरून हसत होती, आणि मी तिथे उभी राहून खाली गाडीत बसलेल्या बाईवर चिडत होते. धबधब्याचं मला आठवतं ते एवढंच.

त्या संध्याकाळी स्वयंपाक करताना सासूबाईंनी गरम पाणी कपाच्या बाहेर ओतलं. ओट्यावरून ओघळून ते जमिनीवर आलं. पोरगी तिथेच खुडबुडत होती. आईने झटकन तिला उचललं. मग मला बाहेर व्हरांड्यात घेऊन गेली.

"यांना दिसत नाही नीट," आई म्हणाली. "मी दोन दिवस बघतेय. पोरीला यांच्या एकटीच्या हातात देऊ नकोस."

आता हे तिने जसं सांगितलं तसंच मी ऐकायला हवं होतं. पण तीन दिवस दोघींमध्ये निरोप पोचवून माझं डोकं भणभणलं होतं. मी म्हटलं, तुला जायचंय म्हणून तुझ्या पोटात दुखतंय. नात आता त्यांची होणार, हे तुला सोसवत नाही. आणखीही बोलले, तोंडाला येईल ते. सहा महिने सकाळी सहाला उठून जिने माझं घर सांभाळलं तिला मी म्हटलं, "तू निघालीस ना? मग जा." आई "असू दे" म्हणाली नाही. तिने फक्त पदर खोचला आणि आत जाऊन कुकर बंद केला.

शनिवारी सकाळी ओहोटी होती. नवऱ्याने भरती-ओहोटीचं टाइमटेबल छापून आणलं होतं, त्याला अशा गोष्टींची फार हौस. जवळच्या स्टेट पार्कच्या किनाऱ्यावर गेलो. खाडीचं पाणी कुठल्या कुठे मागे गेलेलं आणि पुढे करड्या चिखलाचं, गोट्यांचं, शिंपल्यांचं मैदान. मधून मधून ओहोळ. कोणी बादल्या घेऊन ऑयस्टर वेचत होते, कोणी नुसतेच फिरत होते, पोरं रबरी बुटांत पचपच करत होती. नवऱ्याने एक कयाक, म्हणजे एकट्याने वल्हवायची अरुंद होडी, भाड्याने घेतली आणि गेला पाण्यावर. उंटावरून शेळ्या हाकायच्या आणि शेळ्या भांडायला लागल्या की आपण पाण्यावर तरंगायचं, ही त्याची जुनी सवय.

आई पिकनिक टेबलापाशी डबे काढत होती. पोरीला किनाऱ्यावर जायचं होतं, ती माझा हात ओढत होती. मी आईकडे बघितलं. आईही माझ्याकडे बघत होती. आणि मी तिच्या डोळ्यांदेखत पोरीचा हात सासूबाईंच्या हातात दिला.

का दिला? आईला दाखवायला. दुसरं काही कारण नव्हतं. मी मोठ्या आवाजात म्हटलंसुद्धा, जा आजीबरोबर, आजी तुला शंख दाखवेल. सासूबाईंचा चेहरा एकदम उजळला. आल्यापासून पहिल्यांदा कोणी त्यांना नात सोपवत होतं. त्या पोरीला घट्ट धरून चिखलात उतरल्या, पाय चाचपत, एकेक पाऊल. मी फोन काढला आणि ऑफिसच्या मेल बघायला लागले.

त्या वर्षी सगळ्यांच्या पोरांच्या अंगात तेच जांभळं जॅकेट होतं, मोठ्या घाऊक दुकानात ढिगाने विकायला आलेलं. आमच्याही पोरीच्या अंगात तेच.

ओरडणं ऐकून मी वर बघितलं. एक गोरी बाई धावत येत होती आणि सासूबाई एका जांभळ्या जॅकेटच्या पोराचा हात धरून त्याला ओढत किनाऱ्याकडे आणत होत्या. पोरगं रडत होतं, अंग टाकून देत होतं. सासूबाई त्याला मराठीत समजावत होत्या, चल माय, चल, आई वाट पाहून राहिली. पोराचे केस पिवळेधमक. बाईने पोराला हिसकावून घेतलं. ती काय काय बोलली ते इथे लिहीत नाही, पोलीस हा शब्द त्यात दोनदा आला. मी पळत पळत सॉरी सॉरी म्हणत होते आणि पळताना माझ्या डोक्यात शिरलं, हे दुसऱ्याचं पोर आहे. मग आमचं कुठे आहे?

आई माझ्या आधी पोचली होती. साडी, त्यावर स्वेटर, पायात माझे जुने स्पोर्ट्स शूज. ती त्या बाईकडे वळलीसुद्धा नाही, सरळ उजवीकडे ओहोळाकडे गेली. सासूबाईंपासून दहा पावलांवर आमची पोरगी पाण्यात बसली होती. कमरेपर्यंत पाणी, आणि ते वाहतं. हातात शिंपला, हाताला चरा पडलेला, रक्त. रडत नव्हती. आईने तिला काखेत मारलं आणि वर आली. दहा पावलं. डोळसाला मान वळवली की दिसली असती.

माझं भान सुटलं. मी त्या मोकळ्या किनाऱ्यावर, बादल्या घेऊन उभ्या असलेल्या परक्या माणसांसमोर सासूबाईंवर ओरडले. "तुम्हाला स्वतःची नात ओळखू येत नाही? काळी का गोरी तेही कळत नाही?"

त्यांचे हात चिखलाने भरले होते. पोरगी हातातून सुटल्यावर त्यांनी खाली वाकून शोधलं असणार. त्या माझ्या आवाजाच्या दिशेने बघत होत्या, पण माझ्याकडे नाही, माझ्या खांद्याकडे.

"उजव्यानं काहीच दिसून नाही राहिलं," त्या म्हणाल्या. "डाव्यानं धुरकट दिसते. जांभळा रंग दिसला, मी धरलं."

कधीपासून, मी विचारलं. त्या म्हणाल्या, उन्हाळ्यापासून. मोतीबिंदू पिकलाय, डॉक्टरांनी थांबू नका म्हणून सांगितलं होतं, तारीखही दिली होती. मी पोराला कळवलं होतं, म्हणाल्या. एवढं बोलून त्या चिखलाचे हात पदराला पुसायला लागल्या. त्यांना वाटलं असणार, आपण मुलाची चुगली केली.

तोवर नवरा कयाक टाकून, लाइफ जॅकेट घालूनच धावत आला. मी त्याच्यावर तुटून पडले. तुला माहीत होतं? आणि तू मला सांगितलं नाहीस? आंधळ्या बाईच्या हातात तू तुझी मुलगी देणार होतास? माझ्याजवळ शब्दांची वाण नव्हती. तो ऐकून घेत होता. त्याच्या पायांवरून पाणी निथळत होतं. माझं संपल्यावर तो अगदी हळू म्हणाला, "तुला विचारलं होतं. जूनमध्ये. तू म्हणालीस, परत गेल्यावर करू."

मी नाही म्हणणार होते. तोंड उघडलंही. आणि मला आठवलं. मी ओट्यावर लॅपटॉप ठेवून मीटिंगमध्ये होते, म्यूट करून. हा शेजारी उभा राहून सांगत होता की आईचं डोळ्याचं ऑपरेशन सांगितलंय, तिचं येणं दोन-तीन महिने पुढे ढकलू का. मी म्हटलं होतं, मोतीबिंदूच ना? तो काय पळून चाललाय? पोरीला कोण बघणार मग, तू? आणि अनम्यूट करून स्प्रिंटचं, त्या पंधरवड्याच्या कामाचं, काहीतरी बोलायला लागले होते. पुरता मिनिटभरही तो विषय चालला नसेल. टीममधून त्या महिन्यात चौघांना काढलं होतं, पाचवी मी असेन या भीतीने मला झोप नव्हती. हे खरं आहे. पण मी तेव्हा त्याला विचारलंसुद्धा नाही की आईंना कितपत दिसतं.

त्याच्यावरचा माझा राग मात्र अजून गेलेला नाही. भांडून का नाही सांगितलंस? मी चुकत होते तर माझा लॅपटॉप बंद करून का नाही सांगितलंस? मला विचारलं, मी नाही म्हटलं, सुटला. पुढे दोष द्यायला माझं नाव तयार. आणि सांगितलं कुठे, तर माझ्या आईसमोर, त्याच्या आईसमोर.

दोघींनी ऐकलं. माझ्या आईने माझ्याकडे बघितलं, खूप वेळ बघितलं. मग खाली बसून पोरीचे ओले मोजे काढले आणि तिचे पाय आपल्या पदरात पुसले.

टेबलाशी येऊन आम्ही जेवलो. जेवायचं म्हणून जेवलो. पोरीच्या हाताला बँडेज लावलं, जखम खोल नव्हती. इथे ऑपरेशन करायची सोय नव्हती. प्रवासाला काढलेला विमा जुन्या दुखण्याला हात लावत नाही, हे आमच्या सगळ्या घरांना तोंडपाठ आहे. आई तीन दिवस सासूबाईंच्या समोर तोंड वाकडं करून बसत होती. आता ती उठून त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन बसली. पोळी ताटात न ठेवता त्यांच्या हातात दिली, भाजी कुठे आहे ते बोट धरून दाखवलं. सासूबाईंनी घास घेतला. थोड्या वेळाने विचारलं, मिरची तुम्ही तळून घातली का? आई हो म्हणाली. त्या म्हणाल्या, मीही तशीच घालते. चार दिवसांत त्या एकमेकींशी थेट बोलल्या ते एवढंच.

नवरा कयाक परत करायला गेला. पाणी परत वर यायला लागलं होतं, पोरगी जिथे बसली होती तो ओहोळ आता दिसत नव्हता.

मी सासूबाईंना म्हटलं, "तुम्ही उद्या आईबरोबरच परत जा. तिकीट मी बदलते. ऑपरेशन करून घ्या."

"नको," त्या म्हणाल्या. "आले तर राहते. बाहेर नाही नेणार मी तिला. दार लावून खाली सतरंजीवरच बसून राहीन. पैंजण घालू तिच्या पायात, म्हणजे कळेल मला."

आता आपल्या माणसांत पहिला नको हा नको नसतो. हे मला कोणी शिकवायला नको. चहा असो, आहेर असो, पहिला नको हा मान राखायला म्हणायचा असतो, दुसऱ्याला नुसती मान हलवायची असते, आणि तिसऱ्यांदा विचारल्यावर खरं काय ते कळतं. माझ्या घरून कोणी दुसरी वाढ न घेता उठलेलं नाही. मी हात धरून वाढते.

सासूबाई थांबल्या होत्या. पोळीचा तुकडा हातात तसाच धरून, तोंड माझ्या दिशेला करून. आईही चमचा हातात धरून थांबली होती. दोघींना माहीत होतं मी आता काय बोलायला हवं ते. मलाही माहीत होतं. आणि मला सोमवारची सकाळ दिसत होती. आठला माझी मीटिंग, नवऱ्याची साडेआठला, आई विमानात, आणि घरात पोरीला बघायला कोणीच नाही.

मी म्हटलं, "बरं."

सासूबाईंनी मान खाली घातली आणि तो तुकडा तोंडात घातला. मी दुसऱ्यांदा विचारलं नाही.